ड्रोनच्या कॅमेऱ्यातील बिघाड : निदान, दुरुस्ती आणि पडताळणी

आकाशातून भूमीचे छायाचित्र घेणे ही एके काळी विमाने बाळगणाऱ्या मोजक्या संस्थांच्याच आवाक्यातील गोष्ट होती. चार पंख्यांच्या छोट्या ड्रोनने ती सामान्य अभ्यासकाच्या हाती आणून दिली आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन अस्तित्वात आलेला आणि मुख्यतः शेतीवर जगणारा हिंगोली जिल्हाही यास अपवाद नाही. लग्नसराईत छायाचित्रकाराच्या पेटीत असणारे हे यंत्र हळदीच्या किंवा सोयाबीनच्या पिकाची पाहणी करण्यास, कयाधूच्या काठची धूप नोंदविण्यास आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यात साहाय्य करण्यास तितकेच उपयोगी पडते. हे यंत्र एखाद्या झाडाला किंवा बांधाला धडकून खाली आले, तर पुष्कळदा त्याचे पंखे पूर्ववत् फिरतात, ते उडतेही. परंतु त्याची दृष्टी मात्र गेलेली असते. कारण यंत्राच्या पोटाखाली लोंबणारा कॅमेरा हाच त्याचा सर्वांत नाजूक अवयव होय.

अशा वेळी नवे यंत्र आणणे हा मार्ग आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी भारत सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा या कारणांसाठी परवानगीची वाट ठेवण्यात आली आणि ड्रोनचे सुटे भाग या बंदीतून वगळण्यात आले. या धोरणाचा एक सहज परिणाम असा की, हाती असलेले यंत्र दुरुस्त करून वापरणे याला पूर्वी नव्हते असे मोल प्राप्त झाले. परंतु सुटा भाग मागविता येतो म्हणून दुरुस्ती साधते असे नाही. कोणता भाग मागवावयाचा हे ठाऊक असावे लागते, आणि तो बसविल्यावर यंत्र खरोखर पूर्ववत् झाले की नाही हे पारखावे लागते. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा विचार केला आहे. चित्रात दिसणारा दोष हा पुष्कळदा कॅमेऱ्याचा नसतो, आणि चित्र पुन्हा दिसू लागले म्हणजे दुरुस्ती पूर्ण झाली असे होत नाही, या दोन गोष्टी त्यातून स्पष्ट व्हाव्यात अशी अपेक्षा आहे.

प्रतिमेचा मार्ग

कोणत्याही यंत्रातील बिघाड शोधावयाचा तर प्रथम त्या यंत्रातील कार्याचा क्रम मनात स्पष्ट असला पाहिजे. भूमीवरून परावर्तित झालेला प्रकाश भिंगातून आत शिरतो आणि संवेदकावर प्रतिमा उमटते. संवेदक तिचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करतो. हे संकेत एका पातळ पट्टी-केबलमधून ड्रोनच्या मुख्य मंडलाकडे जातात. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अशाच केबलला स्ट्रिप किंवा फ्लेक्स म्हणतात. मुख्य मंडलापाशी मार्गाला दोन फाटे फुटतात. एका फाट्याने प्रतिमा मेमरी कार्डावर साठविली जाते, आणि दुसऱ्या फाट्याने ती रेडिओलहरींवाटे चालकाच्या हातातील रिमोटकडे व तेथून मोबाइलच्या पडद्यावर येते.

कॅमेरा ड्रोनच्या अंगाला थेट जोडलेला नसतो. तो गिम्बल नावाच्या तीन अक्षांच्या चौकटीत टांगलेला असतो. एकात एक बसविलेल्या कड्यांची ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील बायझँटियमच्या फिलोने तिचे वर्णन केले आहे, आणि जहाजावरील होकायंत्र लाटांच्या हेलकाव्यांत सपाट राहावे म्हणून ती शतकानुशतके वापरात आहे. जहाजावरील कडी गुरुत्वाकर्षणाच्या बळावर सपाट राहत. ड्रोनच्या गिम्बलमध्ये हे कार्य तीन छोट्या मोटारी करतात. कॅमेऱ्याजवळ बसविलेला सूक्ष्म घूर्णदर्शी दर क्षणी कॅमेऱ्याचा कोनीय वेग मोजतो, त्वरणमापक गुरुत्वाची दिशा दाखवितो, आणि या दोहोंवरून मोटारींना उलट दिशेने किती फिरावयाचे ते कळते. ड्रोन पुढे झुकला की कॅमेरा तेवढाच मागे वळतो आणि क्षितिज जागच्या जागी राहते.

यावरून ध्यानात येईल की, चित्र बिघडण्याची स्थाने किमान पाच आहेत: भिंग व संवेदक, गिम्बलच्या मोटारी व त्यांचे संवेदक, पट्टी-केबल, मेमरी कार्ड, आणि रिमोट ते पडदा हा दळणवळणाचा भाग. यांपैकी फक्त पहिल्यालाच काटेकोर अर्थाने कॅमेऱ्याचा बिघाड म्हणता येईल.

यंत्र न उघडता करावयाचे निदान

निदानाचा पहिला नियम असा की, स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी प्रतिमेचा मार्ग मधोमध विभागून दोष कोणत्या बाजूस आहे हे ठरवावे. यासाठी निसर्गतःच एक सोय उपलब्ध आहे. कार्डावरील चित्र आणि पडद्यावरील चित्र ही एकाच प्रतिमेची दोन अपत्ये असल्यामुळे त्यांची तुलना केली असता पुष्कळ उलगडा होतो. पडद्यावरील चित्र तुटत असून कार्डावरील चित्र निर्दोष असेल, तर कॅमेरा, गिम्बल आणि पट्टी-केबल ही तिन्ही संशयमुक्त होतात. दोष रेडिओ-दळणवळणात, रिमोट व मोबाइल जोडणाऱ्या केबलमध्ये किंवा खुद्द मोबाइलमध्ये असतो. मे महिन्यात हिंगोलीचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा उन्हात धरलेला मोबाइल तापून पडदा मंद होणे किंवा चित्र अडखळणे ही गोष्ट मुळीच असाधारण नव्हे. अशा वेळी सावलीत दुसरा मोबाइल जोडून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय.

याउलट पडद्यावरचे चित्र उत्तम असून कार्डावरचे चित्रण मध्येच थांबत असेल, तर कार्डाकडे पाहावे. उच्च दर्जाचे चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या गतीने होत असेल, तर कार्डाला दर सेकंदास १२.५ मेगाबाइट अखंड लिहिता आले पाहिजे. दहा मिनिटांत हा भार ७,५०० मेगाबाइट होतो. संथ किंवा जीर्ण कार्ड हा भार पेलू शकत नाही आणि दोष मात्र कॅमेऱ्याच्या माथी येतो.

पडदा पूर्ण काळा असेल तर त्यावरील आकड्यांकडे लक्ष द्यावे. उंची, बॅटरीचा भार आणि उपग्रहांची संख्या हे आकडे दिसत असतील, तर ड्रोनपासून मोबाइलपर्यंतचे दळणवळण सुरू आहे हे सिद्ध होते. मग कार्डावरही चित्र नसेल, तर दोष मुख्य मंडल आणि संवेदक यांच्या दरम्यान, म्हणजे बहुधा पट्टी-केबलमध्ये असावा असा निष्कर्ष निघतो. आकडेही नसतील तर प्रथम रिमोट व मोबाइल यांमधील केबल बदलून पाहावी.

चित्र अधूनमधून तुटते, हा बिघाड सर्वांत फसवा असतो. तो ओळखण्यासाठी ड्रोन जमिनीवर स्थिर ठेवून, पंखे काढून, रिमोटवरील चाकाने कॅमेरा सावकाश वरपासून खालपर्यंत फिरवावा. प्रत्येक वेळी ठरावीक कोनावरच चित्र तुटत असेल, तर पट्टी-केबलमधील तांब्याची एखादी रेषा त्या वाकणीपाशी भंगली आहे असे समजावे. कोन कोणताही असो, टिचकी मारल्याबरोबर चित्र जात असेल, तर केबलच्या टोकाची खाच सैल झालेली असते. आणि चित्र केवळ दूर गेल्यावर तुटत असेल, तर केबलचा काही संबंध नाही. ते रेडिओचे दुखणे आहे. एकाच लक्षणाची तीन कारणे अशा रीतीने एक पैसाही खर्च न करता वेगळी करता येतात.

गिम्बलचे विकार

ड्रोन सुरू होताना गिम्बल स्वतःची चाचणी घेतो. कॅमेरा दोन्ही टोकांपर्यंत वळून मध्यावर स्थिर होतो. ही हालचाल अडखळली की पडद्यावर गिम्बलवर अतिभार असल्याची सूचना येते. अशी सूचना आली म्हणजे मोटार जळाली असे मानण्याची घाई होते, परंतु क्रम उलटा असावा. वाहतुकीच्या वेळी लावलेले संरक्षक आवरण काढावयाचे राहिले आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावा. त्यानंतर यंत्र बंद करून कॅमेरा बोटाने अलगद तिन्ही अक्षांभोवती फिरवून पाहावा. निरोगी गिम्बल विनारोध फिरतो. एखाद्या जागी खर जाणवली तर तेथे बारीक खडा किंवा धूळ अडकलेली असते. काळ्या मातीच्या शेतात उन्हाळ्यात यंत्र थेट जमिनीवर उतरविले असता पंख्यांच्या वाऱ्याने उडालेली माती नेमकी याच फटीत जाते. म्हणून उड्डाणासाठी एखादी सतरंजी किंवा पुठ्ठा अंथरण्याची सवय ही दुरुस्तीपेक्षा अधिक मोलाची म्हणावी लागेल.

खर नसून कॅमेरा एका बाजूस कललेला राहत असेल, तर गिम्बलची धातूची भुजा वाकली आहे काय हे पाहावे. भुजा सरळ असेल तर मोटारीच्या वेटोळ्यांकडे वळावे. या मोटारींना तीन तारा असतात. वीजपुरवठा पूर्ण तोडून आणि मोटारीची जोडणी सोडवून, मल्टिमीटरने दोन-दोन तारांमधील रोध मोजला असता तिन्ही मापे जवळजवळ सारखी आली पाहिजेत. एक माप वेगळे असेल किंवा रोध अनंत दाखवीत असेल, तर वेटोळे तुटले आहे. तिन्ही मापे सारखी असतील, तर मोटारीवरील संशय पुष्कळच कमी होतो आणि पुन्हा पट्टी-केबलकडे यावे लागते, कारण मोटारींना जाणारी वीज व संकेतही अनेकदा तीतूनच जातात.

येथे एका धोक्याची नोंद करणे अवश्य आहे. अडकलेला गिम्बल सोडविण्यासाठी यंत्र वारंवार सुरू-बंद करून पाहण्याची प्रवृत्ती असते. अडलेली मोटार जागच्या जागी अधिक प्रवाह ओढते. त्या उष्णतेने मोटारीला चालविणारे इलेक्ट्रॉनिक मंडल जळू शकते. यंत्र आपटल्यानंतर एकदा पाहावे, आणि अतिभाराची सूचना आल्यास बॅटरी काढून ठेवावी हे उत्तम. अशा रीतीने थोडक्या किमतीच्या केबलचा बिघाड मुख्य मंडलापर्यंत पोहोचत नाही.

पट्टी-केबल बदलण्याची रीत

आपटलेल्या यंत्रात पट्टी-केबल फाटण्याचा प्रकार वारंवार आढळतो. ती कागदासारख्या पातळ आवरणात बसविलेल्या तांब्याच्या रेषांची बनलेली असते आणि गिम्बलच्या भुजांमधून वळणे घेत जाते. काही यंत्रांत प्रतिमेसाठी केसासारख्या बारीक समाक्ष तारांची जुडी वेगळी असते. भंगलेली रेषा डाग देऊन जोडण्याचा प्रयत्न क्वचितच टिकतो, कारण केबलला प्रत्येक उड्डाणात हजारो वेळा वाकावे लागते. म्हणून ती बदलणे हाच मार्ग होय.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी आणि पंखे काढावेत. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर यंत्राची आकृती काढावी आणि निघेल तो प्रत्येक स्क्रू आकृतीतील त्याच्या जागी ठेवावा. या स्क्रूंची लांबी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने भिन्न असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी घट्ट केला तर तो आतील मंडलात रुततो. प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेऊन ठेवावे. केबलची घडी कोणत्या दिशेने आहे हे नंतर आठवत नाही. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत् साठते, म्हणून भूमीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करून किंवा मनगटी पट्टा बांधून मगच मंडलाला हात लावावा.

जुनी केबल खेचून काढू नये. तिच्या टोकाची खाच प्लास्टिकच्या चपट्या पात्याने उचलून सोडवावी. नवी केबल बसविताना जुन्या केबलच्या घड्या समोर ठेवून तीच वळणे द्यावीत, परंतु नखाने दाबून कडक घडी पाडू नये. तांबे तेथेच प्रथम भंगते. सर्व अक्ष पूर्ण फिरवून केबल कोठेही ताणली जात नाही याची खात्री झाल्यावरच आवरण बंद करावे.

येथे असा प्रश्न उद्भवेल की, केबल बदलण्याचा खटाटोप करण्याऐवजी कॅमेऱ्यासह संपूर्ण गिम्बलच का बदलू नये? खर्चाची गोष्ट बाजूला ठेवली तरी याला शास्त्रीय उत्तर आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचे भिंग आणि संवेदक यांची परस्परस्थिती अल्पांशाने निराळी असते. ती जुळविण्याची मापे अनेक यंत्रांत कारखान्यातच नोंदवून ठेवलेली असतात, आणि नव्या गिम्बलसाठी ती पुन्हा भरण्याचे साधन सामान्य दुरुस्तीकाराजवळ नसते. ज्या अभ्यासकाने आपल्या कॅमेऱ्याचे भिंगविरूपण काढून त्याची मापे नकाशासाठी वापरली आहेत, त्याला ते सर्व काम नव्याने करावे लागते. म्हणून जेवढा भाग बिघडला तेवढाच बदलावा, हे तत्त्व काटकसरीइतकेच अचूकतेचेही आहे.

चित्रातील लाटा

काही वेळा चित्र अखंड येते, परंतु सरळ कडा लाटांसारख्या थरथरताना दिसतात. याचे कारण संवेदकाच्या वाचनपद्धतीत आहे. बहुतेक ड्रोनमधील संवेदक संपूर्ण प्रतिमा एकाच क्षणी वाचीत नाही. तो वरून खाली एकेक ओळ वाचतो. या अवधीत कॅमेरा हलला तर प्रत्येक ओळ किंचित वेगळ्या स्थितीत नोंदली जाते. एक चित्र वाचण्यास १/३० सेकंद लागतो आणि कॅमेरा सेकंदाला १०० वेळा कंप पावतो असे मानले, तर चित्रात उभ्या कडेवर सुमारे ३.३ लाटा दिसतील. याच संबंधाचा उलट उपयोगही करता येतो. लाटा मोजून त्यांना वाचनाच्या अवधीने भागले असता कंपनाची वारंवारता मिळते. ती पंख्याच्या फेऱ्यांशी जुळली, तर तोल बिघडलेला पंखा किंवा वाकलेला मोटारीचा दांडा हे कारण ठरते. कॅमेरा निर्दोष असतो.

ही कंपने गिम्बलपर्यंत पोहोचू नयेत म्हणून गिम्बल रबराच्या छोट्या गुटक्यांवर टांगलेला असतो. या गुटक्यांचे गणित पदव्युत्तर विद्यार्थ्याला परिचित आहे. कंपनाची वारंवारता आणि टांगणीची स्वाभाविक वारंवारता यांचे गुणोत्तर र असेल, तर अवमंदन अल्प असताना गिम्बलपर्यंत पोहोचणारा कंपनाचा अंश १/(र²−१) एवढा असतो. मोटार मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर तिची वारंवारता सेकंदाला १०० होते. टांगणीची स्वाभाविक वारंवारता २० असल्यास र = ५, आणि पोहोचणारा अंश १/२४, म्हणजे सुमारे ४ टक्के. आता एखाद्याने हरवलेल्या मऊ गुटक्याच्या जागी हाताशी आलेला कडक रबराचा तुकडा बसविला आणि स्वाभाविक वारंवारता ७० वर गेली, तर र सुमारे १.४३ होतो आणि जवळजवळ संपूर्ण कंपन कॅमेऱ्यापर्यंत जाते. वारंवारता आणखी वाढून १०० च्या जवळ आली, तर अनुनाद होऊन कंपन उलट वाढते. म्हणजे दिसण्यात घट्ट आणि भक्कम झालेली दुरुस्ती वस्तुतः बिघाडच होय. गुटक्याचा मऊपणा हा त्याचा दोष नसून तेच त्याचे कार्य आहे.

या तत्त्वाचे एक भव्य उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच उभे राहावयाचे आहे. औंढा नागनाथ तालुक्यात उभारावयाच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम असा तरंग टिपला. तेथे ४ किलोमीटर लांबीच्या भुजांच्या टोकांना सुमारे ४० किलो वजनाचे आरसे चार पायऱ्यांच्या लंबकांवर टांगलेले आहेत. प्रत्येक पायरी भूमीचे कंपन आणखी क्षीण करते, आणि म्हणून जगातील अत्यंत सूक्ष्म हालचाल मोजता येते. चार पायऱ्यांची ती टांगणी आणि ड्रोनच्या पोटाखालचे रबराचे चार गुटके यांत सामर्थ्याचे अंतर अफाट आहे. परंतु स्वाभाविक वारंवारता कंपनाच्या वारंवारतेपेक्षा पुष्कळ खाली ठेवावी, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

लाटा आणि तिरपेपणा यांत मात्र भेद करावा. ड्रोन सेकंदाला १० मीटर या वेगाने जात असता १/३० सेकंदात तो ३३ सेंटिमीटर पुढे जातो. चित्राची पहिली आणि शेवटची ओळ यांत तेवढेच अंतर पडते आणि आकृती ताणली किंवा दबली जाते. हा बिघाड नव्हे. ती ओळीओळीने वाचणाऱ्या संवेदकाची मर्यादा आहे. वेग कमी करणे किंवा यांत्रिक शटर असलेला कॅमेरा वापरणे हाच त्यावर उपाय. मर्यादेलाच दोष समजून यंत्र उघडले, तर मात्र खरा दोष निर्माण होण्याचा संभव असतो.

भिंगाचे दोष

चित्र सर्वत्र सारखेच धूसर असेल तर प्रथम भिंगाची बाह्य काच स्वच्छ करावी. थंडीच्या पहाटे सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या परिसरात उड्डाण करताना काचेवर आतून बाष्प धरू शकते. यंत्र कोरड्या जागी ठेवल्यावर ते जाते. ते वारंवार धरत असेल तर काचेची बैठक सैल झाली आहे असे समजावे. परंतु चित्राचा एकच कोपरा धूसर आणि उरलेले चित्र स्पष्ट असेल, तर आपटल्यामुळे भिंगाचा अक्ष संवेदकाशी लंब राहिलेला नाही. हे पारखण्यासाठी बारीक अक्षरांचे वर्तमानपत्र भिंतीवर सपाट लावून त्याचे समोरून छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपरे ताडून पाहावेत. असा दोष घरगुती साधनांनी दूर होत नाही. येथे थांबणे हेच शहाणपणाचे.

दुरुस्तीची पडताळणी

यंत्र पुन्हा उडाले आणि पडद्यावर सुबक चित्र आले, म्हणजे समारंभाच्या छायाचित्रणापुरते काम भागले. मोजणीसाठी तेवढे पुरत नाही. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाणाच्या मोजणीचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी घोषित झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनच्या चित्रावरून घराच्या मालकीचे अभिलेख सिद्ध करण्याचे कार्य देशभर हाती घेतले. ते कार्य भारतीय सर्वेक्षण विभागाच्या देखरेखीखाली अचूक उपकरणांनी होते. परंतु त्यामुळे ड्रोनचे चित्र म्हणजे पुरावा अशी भावना लोकांत रूढ होऊ लागली असेल, तर साध्या यंत्राने घेतलेले चित्रही बांधाच्या वादात पुढे केले जाण्याचा संभव आहे. गिम्बलमध्ये २ अंशांचा कल राहून गेला, तर १०० मीटर उंचीवरून पाहिलेला बिंदू सुमारे साडेतीन मीटर सरकतो. दोन भावांमधील बांध याहून कितीतरी कमी अंतरावरून वादात पडतो.

म्हणून दुरुस्तीनंतर प्रथम यंत्र सपाट आणि थंड जागी ठेवून गिम्बल व घूर्णदर्शी यांचे अंशांकन करावे. घूर्णदर्शीचा शून्यबिंदू तापमानाबरोबर सरकतो. उन्हात उभ्या असलेल्या जीपच्या टपावर केलेले अंशांकन निरुपयोगी होय. त्यानंतर पुढील चाचणी घ्यावी. सपाट मैदानावर फीत लावून २० मीटर भुजेचा चौरस आखावा. कर्ण २८.२८ मीटर आला म्हणजे चौरस बरोबर आखला गेला असे समजावे. चार कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा कराव्यात आणि मध्यावर ३० मीटर उंचीवर ड्रोन स्थिर ठेवून कॅमेरा थेट खाली रोखून चित्र घ्यावे.

उदाहरणादाखल २०१६ मध्ये आलेल्या फँटम ४ प्रो या यंत्राची मापे घेता येतील. त्याचा संवेदक १३.२ मिलिमीटर रुंद, भिंगाचे नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर, आणि रुंदीत ५,४७२ चित्रबिंदू आहेत. ३० मीटर उंचीवर एक चित्रबिंदू भूमीवरील सुमारे ८.२ मिलिमीटर व्यापतो, आणि चौरसाची प्रत्येक भुजा सुमारे २,४३० चित्रबिंदूंची येते. गिम्बल सरळ असेल तर चारही भुजा जवळजवळ समान दिसतील. २ अंशांचा कल असेल तर चौरसाचा समलंब चौकोन होईल आणि समोरासमोरच्या दोन भुजांत ५० हून अधिक चित्रबिंदूंचा फरक पडेल. डोळ्यांना सुबक वाटणाऱ्या चित्रातील दोष साध्या पट्टीने असा उघड होतो. चाचणी तीन वेळा, यंत्र प्रत्येक वेळी ९० अंशांनी वळवून घ्यावी. फरक यंत्राबरोबर फिरला तर तो गिम्बलचा, आणि मैदानाच्या एकाच बाजूस राहिला तर तो जमिनीच्या उताराचा.

ही चाचणी घेताना २०२१ च्या ड्रोन नियमांचे भान ठेवावे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या या नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांस नॅनो आणि त्याहून अधिक परंतु २ किलोपर्यंतच्या यंत्रांस मायक्रो अशा वर्गांत घातले असून, आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे पट्टे पाडले आहेत. दुरुस्त केलेले यंत्र प्रथम माणसांपासून आणि गुरांपासून दूर, हातभर उंचीवर उडवून पाहणे हा नियमात नसला तरी विवेकाचा भाग आहे.

प्रत्येक दुरुस्तीची लक्षणे, केलेल्या चाचण्या, बदललेला भाग आणि पडताळणीची मापे एका वहीत लिहून ठेवल्यास वर्षा-दोन वर्षांत त्या त्या भागातील धूळ, उष्णता आणि वापर यांतून कोणते बिघाड पुनःपुन्हा उद्भवतात याचे चित्र स्पष्ट होईल. कॅमेरा सुधारला हे सांगण्यास छायाचित्र पुरेसे असते. तो किती सुधारला हे मात्र वहीतील आकडेच सांगू शकतात. ज्या चित्रावरून कोणाच्या जमिनीची सीमा ठरावयाची आहे, त्या चित्रामागे अशी एक वही असणे अगत्याचे आहे.